हिरडीचं कलम आणि टाळूवरचा प्रकाश

ग्राफ्टिंगनंतर, म्हणजे हिरडीवर कलम लावल्यावर, आमच्या दादरच्या दवाखान्यात फोन येतात ते बहुधा टाळू दुखण्याचे. हिरडीवर काम झालं आणि दुखतंय वर, म्हणून घरचे घाबरतात. कारण सोपं आहे. हिरडीवर लावलेला 1 ते 1.5 मिलिमीटर जाडीचा तुकडा टाळूवरूनच घेतलेला असतो. हिरडीला टाके बसतात, पण टाळूची जागा उघडी राहते आणि भाजल्यासारखी चुरचुरते. पहिला आठवडा जास्त त्रासाचा, पूर्ण भरायला 2 ते 4 आठवडे. वरची कातडी न काढता आतल्या थराचा तुकडा घेतला असेल, तर टाळूवर फक्त टाक्यांची रेघ राहते आणि त्रासही कमी होतो.

या उघड्या जखमेसाठी आम्ही लो लेव्हल लेझर देतो. लेझर म्हटलं की कापणं-जाळणं डोळ्यांसमोर येतं, पण हा प्रकाश फार सौम्य असतो. तांबडा किंवा तांबड्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा, साधारण 630 ते 940 नॅनोमीटर तरंगलांबीचा. काही मिनिटांचं काम, इंजेक्शन नाही, फार तर थोडी ऊब जाणवते. गॉगल मात्र घालावाच लागतो. पेशींच्या मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागातलं) एक एन्झाइम हा प्रकाश शोषतं आणि जखम भरायला लागणारी ऊर्जा जास्त तयार होते, असं मानलं जातं. 1960 च्या दशकात बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर या हंगेरियन डॉक्टरांना लेझर दिलेल्या उंदरांच्या भादरलेल्या कातडीवर केस लवकर उगवताना दिसले. या उपचाराची सुरुवात तिथली.

आता खरं ते सांगतो. टाळूच्या जखमेवरच्या बऱ्याच चाचण्यांत नवी कातडी लवकर धरलेली दिसली. दुखण्याचं तसं नाही: काही चाचण्यांत फरक पडला, काहींत पडला नाही. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या प्रकाश घेतला तरी चालू ठेवा. विरार किंवा कर्जतहून केवळ यासाठी गर्दीची लोकल पकडून येऊ नका. टाके दाखवायला याल तेव्हाच देऊ. तोंडाचा कॅन्सर झालेला असेल, गरोदर असाल किंवा उन्हाने अंगावर चट्टे उठतील असं औषध चालू असेल, तर आधी सांगा.

प्रकाशापेक्षा पहिले काही दिवस मोलाचे. कोकणातल्या मंडळींना आंब्याचं कलम माहीत आहे. बांधलेलं कलम हललं की गेलं. हिरडीवरचा तुकडाही सुरुवातीचे दोन-तीन दिवस खालून झिरपणाऱ्या द्रवावर जगतो, रक्तवाहिन्या नंतर जोडल्या जातात. तेव्हा ओठ उचलून आरशात बघू नका आणि त्या जागी ब्रश लावू नका. शहाळं प्यायचं तर पेल्यात ओतून, स्ट्रॉने ओढू नका. गार पेज, दहीभात, ताक चालेल. गरम मिसळ आणि वडापाव नको. तंबाखू, सिगारेट, मिशरी पूर्ण बंद, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि नेमकं तिथेच कलम मरतं.

टाळूतून रक्त आलं तर सारखी चूळ भरू नका. स्वच्छ ओला गॉज जखमेवर 15 ते 20 मिनिटं न सोडता दाबून धरा. रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल तर ती मनाने बंद करू नका. दाबूनही थांबलं नाही, तर रात्री कितीही वाजले असोत, आम्हाला फोन करा.