गावाला एसटी पाहिजे? अर्ज कुठे करायचा, सोबत काय जोडायचं

गावाची लोकसंख्या हजाराच्या आत आहे, मग एसटी मिळेल का, असं बरेच जण विचारतात. लोकसंख्या बघतात ती रस्त्यासाठी: प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट भागात किमान ५०० ची वस्ती लागते. एसटीचं आगार बघतं भारमान, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरतात ते. आमच्या पहिल्या अर्जात आम्ही २०११ च्या जनगणनेचा आकडा ठळक लिहिला होता. आगारातल्या साहेबांनी विचारलं, "सकाळी सातच्या गाडीला चढणार किती?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं. अर्ज तसाच पडून राहिला.

तसाही तो आकडा आपल्याकडे जपूनच वापरावा. ती मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीला, म्हणजे ऊसतोडीला गेलेली घरं फडावर असताना. त्यात तांडा आणि वाडी महसुली गावातच धरलेली. तांड्यावरची माणसं गावात न येता थेट फाट्यावर जातात, हे त्यात कुठे दिसणार?

म्हणून आधी वही घ्या आणि घरोघर फिरा. कोण, कुठे जातो, किती वाजता, एवढंच लिहा. शाळा-कॉलेजची पोरं, आठवडी बाजार, दवाखाना, सगळं त्यात येऊ द्या. विद्यार्थ्यांच्या यादीवर मुख्याध्यापकांचा सही-शिक्का घ्या. माझ्या मते सगळ्यात वजन याच कागदाला आहे. बायकांना अर्धं तिकीट आणि ७५ च्या पुढच्यांना मोफत, म्हणून त्यांना यादीतून गाळू नका. सवलतीची रक्कम शासन महामंडळाला देतं.

मग ग्रामसभेचा ठराव. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली जी संख्या कमी असेल ती लागते. "गावाला बस मिळावी" असा मोघम ठराव नको. गाडी गावातून किती वाजता निघावी, कुठल्या गावांवरून जावी, परत कधी यावी, ते लिहा. मुक्कामी गाडी मागत असाल तर चालक-वाहकाला झोपायला खोली, पाणी आणि संडास कुठे देणार तेही ठरावात घ्या. समाजमंदिराची किल्ली ऐन रात्री सापडत नाही, आणि दिवसभर गाडी हाकलेला माणूस ओट्यावर डास मारत बसतो. अशा गावात मुक्काम कोण घेईल? ठरावाची प्रत ग्रामसेवकाच्या, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या सहीची हवी.

रस्ता गाडी जाण्यालायक आहे, असं बांधकाम विभागाचं पत्र जोडलं तर काम सोपं होतं. ग्रामीण मार्ग असेल तर ते जिल्हा परिषदेकडे मागायचं. पाहणीला माणसं येण्याआधी रस्त्यावर वाकलेल्या बाभळी तोडा, लोंबणाऱ्या विजेच्या तारांसाठी महावितरणला अर्ज द्या आणि नाल्यावरच्या पुलाचा भराव खचलाय का ते बघा. गाडी वळायला जागा लागते, ती बहुतेक पारासमोरच असते. तिथली कडब्याची गंजी आणि उभे ट्रॅक्टर हलवायला भावकीत बोलणं करून ठेवा. आमच्याकडे सगळ्यात जास्त दिवस त्यातच गेले.

अर्ज साध्या कागदावर, आगार व्यवस्थापकांच्या नावे. प्रत विभाग नियंत्रकांना. हिंगोली जिल्ह्यातल्या गावांनी लक्षात ठेवा, तुमचा विभाग परभणी आहे. आमदारांचं शिफारसपत्र असेल तर लावा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मात्र घ्याच. काहीच कळेना, तर १० रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज टाका आणि आपल्या अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

फेरी सुरू झाली की काळी-पिवळीवाले एसटीच्या दहा मिनिटं आधी फाट्यावर हॉर्न वाजवणारच. तेव्हा निदान पहिले दोन-तीन महिने एसटीसाठीच थांबा आणि तिचंच तिकीट फाडा. आगार मशीनमधली तिकिटं मोजतं, आणि गाडी रिकामी धावली तर तीच फेरी आधी बंद होते.