प्रोटिस्टा सृष्टी

पेशीत स्पष्ट केंद्रक असलेले, पण वनस्पती, प्राणी किंवा कवक यांपैकी कशातच न बसणारे जीव म्हणजे प्रोटिस्ट. बहुतेक एकपेशीय असतात. समुद्रातले केल्प हे तपकिरी शैवाल मात्र कित्येक मीटर वाढते. व्याख्याच ‘काय नाही’ यावर उभी असल्याने वर्गीकरण वारंवार बदलले.

धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीवरील फड बागायतीच्या (सामूहिक सिंचनाच्या) पाटातले हिरवट पाणी बरणीत घ्यावे, त्यात बाजरीच्या सरमाडाचे तुकडे टाकून आठवडाभर ठेवावे. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातला थेंब पाहताना वेळेचे भान राहत नाही. पॅरामिशियम अंगभरच्या रोमकांनी, म्हणजे केसांसारख्या बारीक धाग्यांनी, गिरकी घेत पुढे जातो, काडीला धडकला की मागे सरून दिशा बदलतो. डायटमचे सिलिकाचे कवच डबी-झाकणासारखे दोन भागांचे असते. युग्लीना उजेडात स्वतःचे अन्न तयार करतो आणि चाबकासारख्या शेपटीने, म्हणजे कशाभिकेने, पोहतोही. म्हणून वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र, दोन्हींच्या पुस्तकांत तो सापडे.

अशा जीवांसाठी जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये प्रोटिस्टा ही तिसरी सृष्टी सुचवली. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटेकर यांच्या १९६९ च्या पाच सृष्टींतही ती राहिली. पुढे डीएनएच्या तुलनेतून कळले, की हे एका कुळाचे वारस नाहीत. हिरवी शैवाले वनस्पतींच्या जवळची, तर मलेरियाचा प्लाझमोडियम आणि पाटातला निरुपद्रवी पॅरामिशियम एकमेकांचे भाऊबंद. आता प्रोटिस्ट हे सोयीचे नाव उरले असून वर्गीकरण नात्यावर आधारलेल्या महागटांनुसार होते.

खानदेशातल्या शेतकऱ्याला यातला एक प्रोटिस्ट चांगला ठाऊक आहे, तो बाजरीवरच्या ‘गोसावी’ रोगामुळे. सकाळी पानाच्या खालच्या बाजूस पांढरी बुरशीसारखी लव दिसते. पुढे कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचा जटेसारखा झुपका येतो. कारण स्क्लेरोस्पोरा ग्रॅमिनिकोला. तंतूंमुळे तो दीर्घकाळ कवकांत गणला गेला. मात्र त्याच्या पेशीभित्तीत कवकांतल्या कायटिनऐवजी मुख्यतः ग्लुकान व सेल्युलोज असते, आणि त्याचे चलबीजाणू (पोहणारे बीजाणू) दोन कशाभिकांनी पानावरच्या दवात पोहतात. नात्याने तो डायटमजवळचा. हा फरक शेतातही महत्त्वाचा आहे: कवकांच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉल या घटकाच्या निर्मितीवर घाव घालणारी बुरशीनाशके याच्यावर चालत नाहीत, म्हणून पेरणीआधी बियाण्याला मेटालॅक्झिल हे औषध चोळतात. रोगट झाडे उपटून जाळावी लागतात, कारण जाड भित्तीचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात.