इंधनकाटा : बिघाड आणि दुरुस्ती

मोटारीच्या टाकीत पेट्रोल किंवा डिझेल किती उरले आहे, हे चालकाला दाखवणारी विद्युत यंत्रणा म्हणजे इंधनकाटा. गॅरेजमध्ये त्याला नुसते ‘काटा’ म्हणतात. टाकीतला फ्लोट, डॅशबोर्डवरचा मीटर आणि या दोघांना जोडणारी वायर व अर्थिंग (गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी जोडणी), एवढाच त्याचा पसारा. काटा चुकू लागला की आधी मीटर खोलायची घाई होते. बिघाड मात्र बहुतेक वेळा गाडीच्या मागच्या टोकाला, फ्लोटमध्ये किंवा अर्थिंगमध्ये सापडतो. तपासणी तिथूनच सुरू करावी.

फ्लोट म्हणजे हलका तरंगा आणि त्याची दांडी. दांडीच्या दुसऱ्या टोकाची पातळ पत्री रोधकाच्या, म्हणजे विजेच्या प्रवाहाला अडवणाऱ्या, पट्टीवर घासत सरकते. इंधनाची पातळी बदलली की पत्रीची जागा बदलते, त्यासरशी रोध बदलतो आणि काटा हलतो. रोधाचे माप सगळ्या गाड्यांत एक नसते. काही फ्लोट रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम दाखवतात, काही ० ते ९०, तर काही १० ते १८०. त्यामुळे दुसऱ्या गाडीचा फ्लोट टाकीत नीट बसला, तरी काटा उलटा चालू शकतो. आपल्या गाडीचे माप सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहूनच पुढे जावे.

आधी फ्यूज पाहावा. जुन्या गाड्यांत पेट्रोलचा आणि इंजिनच्या तापमानाचा काटा दोन्ही एकदम वर चढले असतील, तर दोघांना ठरावीक व्होल्टेज पुरवणारा स्टॅबिलायझर संशयित. एकटा पेट्रोलचाच काटा चुकत असेल, तर फ्लोटचा कपलर (वायर जोडणारा प्लग) काढून इग्निशन चालू करावे. २४०–३३ मापाच्या गाडीत काटा रिकाम्याकडे जायला हवा. मग मीटरकडे जाणारी वायर ३३ ओहमच्या रोधकातून बॉडीला जोडली की तो ‘फुल’वर यावा. आला, तर मीटर आणि वायर ठीक आहेत, दोष टाकीच्या बाजूला आहे. वायर थेट बॉडीला टेकवून धरू नये, जुना मीटर जळू शकतो. ज्या गाड्यांत फ्लोटचा सिग्नल कंट्रोल युनिटमधून (गाडीच्या कॉम्प्युटरमधून) जातो, त्यांत हा प्रयोग न करता त्या युनिटला जोडायच्या स्कॅनरवर आकडा वाचावा.

अर्थिंगचा दोष फसवा असतो, कारण काटा बंद पडत नाही, खोटे सांगतो. गंजामुळे १५ ओहमचा जादा रोध आला असे समजू. २४०–३३ मापात भरलेली टाकी ३३ ऐवजी ४८ दाखवते, म्हणजे टाकी काठोकाठ भरूनही काटा ‘फुल’ला पोचत नाही, रिकाम्या टाकीला २४० चे २५५ झाल्याने फरक जाणवतही नाही. ०–९० मापात नेमके उलटे. टाकी कोरडी पडली तरी काटा थोडे पेट्रोल दाखवत राहतो आणि गाडी रस्त्यात बंद पडते. फ्लोटच्या अर्थिंगपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतचा रोध, सगळे स्विच बंद ठेवून, एक ओहमच्या आत यायला हवा. जास्त आला तर अर्थिंगचा बोल्ट काढून, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करून, ग्रीस लावून पुन्हा कसावा. इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस आणि दिंडोरी-निफाडच्या मळ्यांतला चिखल झेलणाऱ्या पिकअपमध्ये हा बोल्ट आणि चेसिसवरचा कपलर सर्वात आधी तपासावा.

फ्लोट बाहेर काढण्याआधी टाकी पावच्या खाली आणावी. पंप टाकीतच असेल तर पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे पाइपातला दाब उतरतो. मग बॅटरीचा निगेटिव्ह सोडावा. काम उघड्या हवेत करावे, जवळ ठिणगी किंवा पेटता दिवा नको. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असते. नसेल तर टाकी उतरवावी लागते. फ्लोट टाकीत धरून ठेवणारी लॉक रिंग लोखंडी छिन्नीने ठोकू नये, पितळी किंवा लाकडी ठोकळा वापरावा.

बाहेर आलेला फ्लोट मल्टीमीटरला जोडून दांडी अगदी सावकाश वरपासून खालपर्यंत फिरवावी. आकडा सलग सरकला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा रोध अनंत दाखवला, तर पट्टी तिथे झिजली आहे. उजेडात धरली की पत्रीने कोरलेली चर दिसते. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत पेट्रोल महिनोन्महिने त्याच पातळीवर राहते, पत्री एकाच जागी बसून राहते आणि पट्टीवर काळा थर धरतो. असा थर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ कापडाने निघतो. झिजलेली पट्टी मात्र दुरुस्त होत नाही, युनिट बदलावे. तरंगा कानाजवळ हलवावा. आत खळखळ ऐकू आली तर तो फुटला आहे आणि काटा सतत कमी दाखवणार. पितळी तरंग्याला डाग देण्याचा मोह टाळावा, आतल्या वाफेचा भडका उडतो.

बसवताना ओ-रिंग (फ्लोटच्या तोंडाशी बसणारी रबरी कडी) नवीच घ्यावी. जुनी पेट्रोलने फुगलेली असते, खाचेत बसत नाही आणि गाडीत वास येत राहतो.

काही वेळा बिघाड नसतोच. कसारा घाट उतरताना गाडीचे नाक खाली असते आणि इंधन टाकीच्या पुढच्या भिंतीशी गोळा होते. फ्लोट मागे असेल तर काटा पडतो, पुढे असेल तर चढतो. सपाटीला आल्यावर थोड्या वेळात तो जागेवर आला, तर हात लावू नये.

शेवटची चाचणी सपाट जागी. जवळपास रिकाम्या टाकीत ५-५ लिटर मोजून टाकावे आणि दर वेळी इग्निशन बंद-चालू करून काटा कुठे थांबतो ते लिहून ठेवावे. नव्या मीटरमध्ये काटा मुद्दाम हळू चालवलेला असतो, तो स्थिरावेपर्यंत थांबावे. काटा थोडासा इकडेतिकडे निघाला म्हणून दांडी वाकवायची झाल्यास एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच वाकवावी आणि रिकाम्याची खूण आधी जुळवावी. ‘फुल’ला थोडे कमी दिसले तरी चालते.