आल्टो क्लेफचं पुस्तक आणि आल्टो ट्रॉम्बोनचं पुस्तक

'आल्टो ट्रॉम्बोन शिकायचाय, आल्टो क्लेफचं चांगलं पुस्तक सांगा' असं कुणी विचारलं की लोक बिनदिक्कत टेनरवाल्यांचं, म्हणजे नेहमीचा टेनर ट्रॉम्बोन वाजवणाऱ्यांसाठीचं क्लेफचं पुस्तक हातात ठेवतात. (ट्रॉम्बोन म्हणजे नळी मागेपुढे सरकवून फुंकायचं पितळी वाद्य.) हा घोळ आता थांबायला हवा.

क्लेफ ही वाचायची गोष्ट, कोणत्या रेषेवर कोणता स्वर हे सांगणारी ओळीच्या सुरुवातीची खूण. आल्टो क्लेफमध्ये मधल्या रेषेवर मिडल सी (पियानोच्या मधला सी), व्हायोलावाले रोज हेच वाचतात. टेनर क्लेफ ही अशीच दुसरी खूण वाचता येत असेल तर फार जड जाणार नाही. शोस्टाकोविच, प्रोकोफिएव यांच्या सिंफनींमध्ये ट्रॉम्बोनचे वरचे भाग आल्टो क्लेफमध्ये सापडतात आणि ते टेनरवरच वाजवतात. क्लेफची बहुतेक पुस्तकं त्याचीच तयारी करून घेतात.

आल्टो ट्रॉम्बोन हे मात्र वेगळं वाद्य आहे. टेनर बी-फ्लॅटचा, आल्टो इ-फ्लॅटचा, म्हणजे सा-म अंतराने वर. तरीही आल्टो सॅक्सोफोनसारखं इथे ट्रान्सपोझिशन (कागदावर एक स्वर, वाजतो दुसरा) नाही. कागदावर सी असेल तर सीच वाजला पाहिजे. तो मिडल सी टेनरवर तिसऱ्या पोझिशनला (नळी सरकवून थांबवायच्या ठरलेल्या जागांपैकी तिसरी) मिळतो, आल्टोवर चौथ्या. त्याच्या वरचा डी टेनरवर पहिल्या, आल्टोवर दुसऱ्या. आणि फसवणारी गंमत अशी की सीच्या खालचे बी-फ्लॅट, ए, ए-फ्लॅट, जी दोन्हींवर त्याच क्रमांकांच्या पोझिशनला येतात. तेवढ्यावर विसंबून माणूस वर सरकला की चुकतो.

खरा सापळा याहून वाईट आहे. टेनरचं एट्यूड (सरावाचा तुकडा) समोर ठेवून टेनरच्याच पोझिशन्स आल्टोवर लावल्या, तर सगळी चाल सा-म अंतराने वर आणि ऐकायला ठीकठाक वाजते. कान तक्रारच करत नाही. महिनोन्‌महिने असा सराव केलेला माणूस ऑर्केस्ट्रात बसला की पहिल्याच स्वराला उघडा पडतो. शिवाय नळी टेनरच्या पाऊणपट, म्हणून पोझिशन्समधलं अंतरही पाऊणच. टेनरच्या सवयीचा हात पुढे जातो आणि सूर उतरतो. यावर इलाज आल्टोसाठीच लिहिलेल्या पुस्तकात असतो, क्लेफच्या पुस्तकात नाही.

माउथपीस (ओठांना लावायचा भाग) आणि बोअर (नळीचा आतला व्यास) यांच्या चर्चेत मला रस नाही, ते नंतर बघता येतं. आधी ट्यूनर (सूर तपासायचं यंत्र) लावून इ-फ्लॅट आणि बी-फ्लॅट स्केल, स्वराचं नाव मनात घेत, अगदी संथ. प्रत्येक स्वरावर पेन्सिलीने पोझिशनचा आकडा लिहायची सवय मला अजिबात मान्य नाही. डोळा आकडा वाचतो, स्वर वाचायचा राहतो.

मग खरं संगीत घ्या. वागनझाइलचा कॉन्चेर्टो, आल्ब्रेख्ट्सबर्गरचा 1769चा, पुढे बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीची अखेर. मोझार्टच्या रेक्विएममध्ये (मृतांसाठीचं प्रार्थनासंगीत) आल्टो ट्रॉम्बोन कॉयरच्या, म्हणजे गायकवृंदाच्या, आल्टो आवाजांबरोबर चालतो. ती ओळ आधी गा, मग वाजवा. त्यातल्याच 'टुबा मिरुम' या भागाचा प्रसिद्ध सोलो मात्र टेनरचा आहे, तो आल्टोच्या सरावात घुसडू नका.