‘पार्माचं पत्र आलंय, आता मारू का?’
द्राक्ष निर्यातदार आणि बागायतदार ग्राहकांसाठी. ऑक्टोबर छाटणीच्या आधी वाचून ठेवावे.

छाटणी आटोपली की आमच्या कचेरीतला फोन सुरू होतो, आणि दहातले सात फोन एकाच गोष्टीसाठी असतात. कुणाच्या तरी ग्रुपवर इंग्रजी पानाचा फोटो आलेला असतो. वर ‘एफ्सा’ या युरोपीय संस्थेचं चिन्ह, खाली औषधाचं नाव आणि एक आकडा, म्हणजे मालात त्या औषधाचा किती अंश चालेल त्याची मर्यादा. विचारणारे म्हणतात, “युरोपनं मर्यादा वाढवली ना, मग औषध मारू का?” किंवा बरोबर उलट, “युरोपनं बंद केलं म्हणे, आता मिलीबगला (पिठ्या ढेकणाला) काय मारायचं?” बहुतेक वेळा युरोपनं दोन्हीतलं काहीच केलेलं नसतं. म्हणून हे पत्रक.

एमआरएल (मालात चालणाऱ्या औषधाच्या अंशाची कमाल मर्यादा), पीएचआय (शेवटची फवारणी ते काढणी यांत सोडायचे दिवस), लेबल क्लेम (ते औषध त्या पिकावर मारायची आपल्याकडची नोंदणी) हे तुम्हाला सांगायची गरज नाही. गोंधळ होतो तो ‘युरोप’ म्हणजे नेमकं कोण, इथं.

एफ्सा म्हणजे युरोपीय संघाची अन्नसुरक्षा संस्था. कचेरी इटलीत, पार्मा शहरात. संघाच्या अशा खास कामाच्या तीसहून जास्त संस्था वेगवेगळ्या देशांत विखुरलेल्या आहेत: औषधांची ॲमस्टरडॅमला, रसायनांची हेलसिंकीला, विमानांच्या सुरक्षिततेची कोलोनला. कोणती संस्था कुणाच्या गावात बसवायची यावरून सदस्य देशांत चांगलीच ओढाताण होते. अन्नाची संस्था फिनलंडला हवी होती, ती 2003 मध्ये इटलीला गेली आणि हेलसिंकीच्या वाट्याला रसायनं आली. ब्रिटन बाहेर पडल्यावर औषधांची संस्था लंडनहून हलवायची होती, तेव्हा मिलान आणि ॲमस्टरडॅमला समसमान मतं पडली आणि शेवटी चिठ्ठी काढावी लागली. असो.

आपल्या कामाचा मुद्दा असा. गारपीट झाली की तलाठी आणि कृषी सहायक बागेत येतात, पंचनामा करतात. पंचनाम्यात नुकसान ऐंशी टक्के लिहिलं, म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी बँकेत पैसे काढायला जात नाही. मुंबईहून जीआर निघावा लागतो. एफ्साचं मत म्हणजे पंचनामा. जीआर काढतो ब्रुसेल्सचा युरोपीय आयोग, तोही 27 सदस्य देशांच्या समितीपुढे मसुदा ठेवून. ग्रुपवर फिरतो तो पंचनामा. आमच्या ग्राहकांचं नुकसान होतं ते तो जीआर समजून वाचल्यामुळं.

मागच्या हंगामातली गोष्ट, नाव सांगत नाही. एका बुरशीनाशकाबद्दल एफ्साचं मत आलं होतं की द्राक्षात अमुक मर्यादा ठेवली तरी खाणाऱ्याला धोका नाही. आमच्या एका जुन्या ग्राहकांनी ते वाचलं आणि मणी फुगवणीच्या पुढं फवारणीचा एक हात मारला. आम्हाला विचारलं ते सॅम्पल नापास झाल्यावर. मत खरंच होतं, फक्त त्यावर नियम झालेला नव्हता. जिथं वेगळा आकडा ठरलेला नाही, तिथं युरोपात किलोला 0.01 मिलिग्रॅम धरतात, म्हणजे एक टन द्राक्षात 10 मिलिग्रॅम. चिमूटभरसुद्धा नाही ते. प्लॉट चांगला होता, माल देशी बाजारात गेला. भावातला फरक तुम्हाला माहीतच आहे.

मत आणि नियम यांत किती वेळ जातो ते क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकावरून बघा. एफ्सानं ते सुरक्षित म्हणता येत नाही असं ऑगस्ट 2019 मध्ये जाहीर केलं. सदस्य देशांनी मतदान केलं डिसेंबरात. परवाना संपवणारा नियम जानेवारी 2020 मध्ये आला. आणि मालातली मर्यादा 0.01 वर आली ती 13 नोव्हेंबर 2020 पासून. मत ते मर्यादा, पंधरा महिने. ज्यांनी मत येताच सगळं थांबवलं त्यांनी घाई केली, आणि ज्यांनी “अजून वेळ आहे” म्हणत साठा संपवायला घेतला त्यांच्यातले काही जण पुढच्या हंगामाला अडकले.

मत एक आणि निर्णयाची वाट भलतीच, असंही होतं. ग्लायफोसेट या तणनाशकावर एफ्सानं जुलै 2023 मध्ये सांगितलं की अडवून धरावं असं गंभीर काही सापडलं नाही. तरी सदस्य देशांत लागणारं बहुमत ना बाजूनं जमलं ना विरोधात, दोनदा मतदान होऊनही. शेवटी आयोगानं स्वतःच दहा वर्षांची मुदत दिली.

“मग एवढे शास्त्रज्ञ पाळून त्यांना अधिकार का देत नाहीत?” हा प्रश्न बागेच्या बांधावर नेहमी येतो, आणि रास्त आहे. कारण वेड्या गाईच्या रोगात आहे. तो रोग माणसाला लागू शकतो हे ब्रिटिश सरकारनं मार्च 1996 मध्ये कबूल केलं, तेव्हा लोकांचा विश्वासच उडाला. धोका मोजणारे आणि बाजार सांभाळणारे एकाच टेबलावर बसले होते. म्हणून 2002 मध्ये मोजणारी संस्था वेगळी काढली आणि ठरवण्याचं काम आयोग आणि देशांकडे ठेवलं. शिवाय लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयानं 1958 मध्येच सांगून ठेवलंय की धोरण ठरवण्याचा मोकळा अधिकार अशा बाहेरच्या संस्थांच्या हाती देता येत नाही. पार्मावाल्यांनी मनात आणलं तरी तुमची मर्यादा ते बदलू शकत नाहीत.

म्हणून कृपा करून पार्माला मेल करू नका. गेल्या वर्षी आमच्या तीन ग्राहकांनी ‘एनओसी’ मागणारे मेल केले होते. अशी एनओसी नसतेच. एफ्सा कुठल्या बागेला, पॅकहाऊसला किंवा कंटेनरला सर्टिफिकेट देत नाही. कुणी ‘एफ्सा मान्यताप्राप्त’ असा शिक्का छापलेला डबा, औषध किंवा पत्र दाखवलं तर त्या माणसाला चहा पाजा आणि निरोप द्या.

कंटेनर अडवतात कोण? रॉटरडॅमला उतरला तर नेदरलँड्सचं खातं, हँबर्गला उतरला तर जर्मनीचं. त्यांना काही सापडलं की सूचना सगळ्या देशांना जाते, ती यंत्रणा आयोगाची. 2010 चा हंगाम ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट हे वाढ रोखणारं औषध, आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. इथं रिपोर्ट स्वच्छ, तिकडं माल अडकलेला. हापूसचंही तसंच. 1 मे 2014 पासून आंबा, कारली, वांगी, पडवळ, अळू बंद झालं ते फळमाशी आणि तसल्या किडींमुळं, आणि बंदीचा निर्णय आयोगाचा आणि सदस्य देशांचा होता. आयोगाचे तपासनीस इथं येऊन व्यवस्था बघून गेले, मग जानेवारी 2015 मध्ये देशांनी आंबा उघडायला संमती दिली. दोन्ही वेळा धावपळ योग्य दारात केली म्हणून वाट निघाली.

सगळ्याच संस्था सल्ल्यापुरत्या आहेत असंही समजू नका. स्पेनमध्ये आलिकांते इथं ट्रेडमार्कची संस्था आहे, ती स्वतः नोंदणी करते आणि नोंदणी सगळ्या 27 देशांत चालते. पेटीवर स्वतःचं नाव छापून माल पाठवणाऱ्यांनी हे करून ठेवावं. ते काम आम्ही करतो, पण हंगाम सुरू झाल्यावर नको, पावसाळ्यात या.

ब्रिटनला माल जात असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू नाही. तिथं आता मर्यादा वेगळ्या ठरतात. बऱ्याच ठिकाणी आकडा तोच आहे, पण ‘बऱ्याच’वर कंटेनर भरायचा नसतो. आणि काही जर्मन सुपरमार्केटं कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशच चालवून घेतात, त्याला ना पार्मा जबाबदार ना ब्रुसेल्स. तो खरेदीदाराचा करार आहे, ऑर्डर घेतानाच वाचा.

आता आमच्याबद्दलच्या तक्रारीचं. “बाकीचे लगेच सांगतात, तुम्ही चार दिवस लावता.” खरंय. आम्ही युरोपच्या राजपत्रात नियम छापून येईपर्यंत ‘हो’ म्हणत नाही. छापून आल्यावरही त्यात दोन तारखा असतात: नियम अस्तित्वात येण्याची आणि तो लागू होण्याची. दोन्हींत कधी सहा महिन्यांचं अंतर असतं. आधी तयार झालेल्या मालाला सवलत आहे की नाही, हे शेवटच्या कलमांत एका ओळीत लिहिलेलं असतं, आणि ती ओळ फॉरवर्डमध्ये कधीच नसते. आयोगाची मर्यादांची ऑनलाइन यादी सोयीची आहे, आम्हीही रोज उघडतो, पण भांडण झालं तर चालतो तो राजपत्रातला मजकूर. त्यानंतर पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीशी आणि आपल्याकडच्या लेबल क्लेमशी ताडून पाहतो. युरोपात चालतं पण इथं द्राक्षावर क्लेम नाही, अशी औषधं आहेत. ती मारायची नाहीत.

हे तपासायचे आम्ही प्लॉटमागे पैसे घेतो. ज्यांना वाटतं की नुसता आकडा बघायचे कसले पैसे, त्यांनी लॅबची दुसऱ्या सॅम्पलची फी एकदा बघावी.

आम्हाला पाठवायचं ते एवढंच: ग्रेपनेटचा (निर्यातीच्या बागांच्या ऑनलाइन नोंदणीचा) प्लॉट नंबर, फवारणीच्या वहीच्या पानांचे फोटो (व्यापारी नाव नको, डब्यावरचा घटक वाचता आला पाहिजे) आणि माल कोणत्या बंदरात उतरणार ते. फॉरवर्ड आलेलं पानही पाठवा, हसणार नाही. त्यातलं एखादं पुढं जीआर होतं आणि आम्हाला आधी कळलेलं बरं. काढणीच्या आठवड्यात मात्र हे विचारू नका. तेव्हा उत्तर कळून उपयोग नसतो, औषध मण्यात गेलेलं असतं. वही छाटणीपासून दर पंधरा दिवसांनी दाखवलीत तर वेगळी फी लागत नाही. कचेरी दुपारी एक ते दोन बंद असते.