थांबलेले यान आणि रहाटावरचे आकाश

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराचा माळा आवरताना एक टीव्ही गेम आणि पिवळ्या कॅसेटींचा पत्र्याचा डबा सापडला. बारा वर्षांच्या भाच्याने त्यातला 'स्टार फोर्स' हा अवकाशयानाचा खेळ लावला आणि पाच मिनिटांतच विचारले, "मामा, यान सारखं पुढं चाललंय, मग पडद्याबाहेर का जात न्हाई?"

यान पुढे जातच नाही. आकाश खाली सरकते. १९८४ साली टेहकान या जपानी कंपनीने हा खेळ आर्केडसाठी, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांसाठी, काढला आणि पुढच्या वर्षी तो निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर आला. आपल्याकडे टीव्ही गेम म्हणून विकले गेलेले आठ-बिटी डबे बहुतांशी याच यंत्राच्या नकला होत्या. पुढचे आकडे मूळ जपानी यंत्राचे आहेत.

पडद्यावर २५६ गुणिले २४०, म्हणजे ६१,४४० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला दोन बिट धरले तरी एका चित्राला १५,३६० बाइट लागतील, आणि आकाश एका ठिपक्याने खाली सरकवायचे तर तेवढे सगळे बाइट नव्याने लिहावे लागतील. एका बाइटला प्रोसेसरचे आठ ठोके, म्हणजे त्याच्या घड्याळाच्या आठ टिकटिकी, पडतात असे मानले, तर एकूण सव्वा लाखाच्या आसपास ठोके होतात. प्रोसेसर सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोक्यांचा आणि सेकंदाला चित्रे ६०, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला ठोके येतात जेमतेम तीस हजार. हिशेब कुठेच बसत नाही.

म्हणून चित्र ठिपक्यांनी साठवलेलेच नसते. आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या ठरावीक नक्षीच्या फरश्या असतात आणि कुठल्या जागी कितव्या क्रमांकाची फरशी बसवायची, एवढाच नकाशा चित्र काढणाऱ्या चिपच्या स्मृतीत असतो. एका पडद्याला ३२ स्तंभ आणि ३० ओळी, म्हणजे ९६० बाइट पुरतात. असे दोन नकाशे एकावर एक ठेवले की ६० ओळींची उभी पट्टी तयार होते. तिच्यातल्या ३० ओळींएवढा भाग पडद्यावर दिसतो आणि तो कुठून सुरू करायचा हे चिपमधल्या रजिस्टर नावाच्या छोट्या खणातल्या आकड्यावरून ठरते. तो आकडा एकाने कमी केला की सगळे आकाश एका ठिपक्याने खाली येते. नकाशातला एकही बाइट हलवावा लागत नाही.

पट्टी संपल्यावर काय, याचे उत्तर विहिरीवरचा रहाट पाहिलेल्याला चटकन समजेल. पट्टीची दोन्ही टोके एकमेकांना जोडलेली असल्याप्रमाणे चिप वाचत राहते. खालून नाहीशी झालेली ओळ नजरेआड असतानाच नव्या फरश्यांनी भरली जाते आणि फिरून वरच्या कडेने पडद्यावर उतरते, जशी रहाटाची पोहरी पाण्याखाली भरून वर येते. दर चित्राला एक ठिपका या वेगाने आठ चित्रांमागे एकच ओळ, म्हणजे फक्त ३२ बाइट, भरावी लागते. हे काम मात्र टीव्हीचा इलेक्ट्रॉन झोत पडद्याच्या तळाशी पोहोचून पुन्हा वर जाईपर्यंतच्या सव्वा मिलिसेकंदात उरकावे लागते, कारण इतर वेळी चिप तोच नकाशा वाचण्यात गुंतलेली असते. त्यातही एक खोच आहे. रंगांची वाटणी वेगळ्या ६४ बाइटांत असते आणि त्यातला एक बाइट चार गुणिले चार फरश्यांचे रंग सांभाळतो. पण ३० ला ४ ने पूर्ण भाग जात नसल्याने प्रत्येक नकाशाची शेवटची रंगओळ अर्धीच उपयोगात येते, आणि ही अर्धी ओळ हिशेबात धरायचे विसरले की सांध्यावर भलतेच रंग उमटतात. अशा अडचणींतून वाट काढणाऱ्या प्रोग्रामरांचे मला आजच्या चकचकीत ग्राफिक्सपेक्षा अधिक कौतुक वाटते.

अवकाशयाने आणि गोळ्या या नकाशात नसतात. त्या ६४ सुट्या तुकड्यांतून घडतात आणि एका आडव्या रेषेवर चिप आठच तुकडे काढते. नववा गाळला जातो. तोच तुकडा कायमचा अदृश्य राहू नये म्हणून अनेक खेळ तुकड्यांचा क्रम दर चित्राला बदलत ठेवतात, आणि त्यामुळे गर्दीत याने लुकलुकतात. आमच्या लहानपणी हे लुकलुकणे पाहून एका दुरुस्तीवाल्याने पिक्चर ट्यूब गेल्याचे निदान केले होते आणि वडिलांनी ते खरेही मानले होते.

कॅसेटमध्ये फुंकर मारण्याचा विधी याच जातीचा. फुंकरीत अंगाऱ्याएवढेच सामर्थ्य आहे. कॅसेट काढून पुन्हा बसवताना पट्ट्यांचा स्पर्श नव्याने जुळतो, त्याचे श्रेय फुंकर घेते, आणि श्वासातला ओलावा त्या पट्ट्या गंजवतो. खुद्द निन्टेन्डोने फुंकर मारू नका असे बजावले होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेला कापसाचा बोळा पट्ट्यांवरून फिरवला की काम होते.

भाच्याला आठ तुकड्यांचा नियम सांगितल्यापासून तो शत्रूंना मारायचे सोडून त्यांच्या रांगेत आपले यान नेऊन उभे करतो आणि कोण लुकलुकते ते पाहतो. गुण वाढत नाहीत, याची त्याला आता फिकीर नाही.