शूमध्ये नाक घासून पिल्लू काहीच शिकत नाही

‘कुत्र्याच्या पिल्लाने घरात शू केली की त्याचं नाक त्यात घासा, पुन्हा करणार नाही,’ हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. तो साफ चुकीचा आहे, आणि पिल्लावर अन्याय करणाराही.

कुत्रा शिक्षेचा संबंध त्या क्षणाशी जोडतो, 10 मिनिटांपूर्वीच्या शूशी नाही. कान पाडून, अंग चोरून बसलेलं पिल्लू अपराधी वाटतं खरं, पण ती तुमच्या चढलेल्या आवाजाची भीती असते. मग ते तुमच्यासमोर शू करायलाच बिचकतं. बाहेर नेलं की नुसतं हुंगत फिरतं आणि घरात येऊन सोफ्यामागे मोकळं होतं.

दोन महिन्यांच्या पिल्लाला शू जेमतेम 2-3 तास धरता येते, खेळताना त्याहून कमी. म्हणून झोपेतून उठल्या उठल्या, खेळ थांबला की, आणि खाल्ल्यावर 5 ते 30 मिनिटांत त्याला ठरलेल्या एकाच जागी न्या. रात्रीही उठावं लागतं. शू संपताच तिथेच खाऊ द्या. घरात परतून दिलात, तर ते बक्षीस घरात येण्याचं ठरतं.

घरात झालीच, तर गुपचूप टिपून घ्या आणि एन्झाइमवालं (शूचा वास मुळापासून घालवणारं) क्लीनर बाटलीवर लिहिलेला वेळ मुरू द्या. अमोनियावालं नको, त्याचा वास शूसारखाच येतो.

सवय लागलेलं पिल्लू अचानक थेंब थेंब करू लागलं, तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. त्याला पशुवैद्यांकडे न्या.